‘मला गुण आला’च्या पुढे: पर्यायी उपचाराचा दावा कसा तपासायचा

कुणीतरी एखादा उपचार सुचवतं आणि सोबत कारणांची रासच ओततं. हजारो वर्षांपासून चालत आलेला आहे, संपूर्ण नैसर्गिक आहे, अपाय तर काहीच नाही, डॉक्टर लोक मुद्दाम सांगत नाहीत, आणि ओळखीतल्या अमक्याला तीन आठवड्यांत गुण आला. अशा वेळी नवखा माणूस एक तर लगेच मान डोलावतो, नाहीतर ‘सगळं थोतांड’ म्हणून उडवून लावतो. दोन्हीत डोक्याला ताण नसतो. हा लेख तिसऱ्या, जरा कष्टाच्या वाटेचा आहे.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगतो. कुठल्याही ‘पॅथी’ला सरसकट उत्तीर्ण किंवा नापास करायला बसू नका. एका वेळी एकच ठरावीक दावा हातात घ्यायचा आणि त्याला विचारायचं: हे घेतलं नसतं तर काय झालं असतं? पर्यायी उपचारांच्या बाजूने केले जाणारे बहुतेक कच्चे युक्तिवाद नेमका हाच प्रश्न चुकवतात. कोणता युक्तिवाद तो कसा चुकवतो हे ओळखता आलं की बरंच काम झालं.

पायरी १: दावा एका वाक्यात लिहून काढा

कागद घ्या आणि दावा असा लिहा: कुणाला, कोणत्या तक्रारीवर, किती दिवस घेतल्यावर, कशाच्या तुलनेत, काय फरक पडतो. ‘गुडघे दुखणाऱ्या माणसांनी हे तेल सहा आठवडे चोळलं, तर साधं तेल चोळणाऱ्यांपेक्षा त्यांचं दुखणं कमी होतं.’ हा खरा असेल किंवा खोटा, पण तपासता येतो. ‘हे तेल शरीराचं संतुलन साधतं’ हे मात्र तपासता येत नाही, कारण संतुलन कशाने मोजायचं ते कुणी सांगितलेलंच नाही.

‘शरीर शुद्ध होतं’, ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ हे या जातीतले सगळ्यात खपाऊ दावे. त्यांना दोन प्रश्न पुरतात. कोणतं द्रव्य? आणि उपचाराआधी व नंतर रक्तात ते किती होतं? शिशाची विषबाधा झालेल्या माणसाला शिसं बाहेर काढणारं औषध देतात, तेव्हा या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळतात. पाय बुडवून बसायच्या ‘डिटॉक्स’ टबाचं पाणी तपकिरी होतं, त्याचं कारण त्यातले लोखंडी इलेक्ट्रोड वीज जाताच गंजतात. पाण्यात थोडं मीठ टाकून, पाय न घालता टब चालू केला तरी पाणी तपकिरी होतं. मला हे उदाहरण आवडतं, कारण इथे ‘घेतलं नसतं तर?’ हा प्रश्न अक्षरशः करून बघता येतो.

‘प्रतिकारशक्ती वाढवतं’ हेही असंच मोघम. शरीराची ही यंत्रणा नुसती वाढवत न्यायची गोष्ट नाही. ती गरजेपेक्षा जास्त चेकाळली की अ‍ॅलर्जी होते, किंवा आमवातासारखे आजार होतात.

दावा एका वाक्यात बसत नसेल आणि सांगणाऱ्यालाही बसवता येत नसेल, तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. तिथे तपासण्यासारखं काही नाहीच.

पायरी २: ‘गुण आला’ याची बाकीची कारणं मोजा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा रेंगाळू. ‘मी स्वतः अनुभव घेतलाय’ म्हणणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो. तो बरा झालेला असतो. पण कशाने, ते त्याला आतून कळत नाही; कुणालाच कळत नाही.

सर्दी, पाठीत भरलेली उसण, जुलाब असे कितीतरी त्रास आपोआप ओसरतात. दमा, अर्धशिशी, सांधेदुखी, इसब ओसरत नाहीत, पण त्यांना चढउतार असतात. आणि माणूस नवा उपचार शोधायला कधी निघतो? त्रास शिगेला पोचतो तेव्हा. शिगेला पोचलेला त्रास पुढच्या काही दिवसांत बहुतेक वेळा खालीच येतो, मग त्या दिवसांत काहीही घेतलेलं असो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात; फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांवरून हा प्रकार मांडला. आजाराच्या बाबतीत तो रोज लाखो लोकांना फसवतो.

पुढचं कारण, बरोबरीने चाललेले इतर उपचार. कर्करोगाच्या अनुभवकथांमध्ये हे हमखास आढळतं. गाठ शस्त्रक्रियेने काढलेली असते, नंतरची केमोथेरपी रुग्णाने नाकारलेली असते, आणि बरं झाल्याचं श्रेय काढ्याला जातं. आता, अनेक रुग्णांत शस्त्रक्रियेनेच आजार गेलेला असतो. नंतरची केमोथेरपी तो उलटण्याची शक्यता कमी करण्यासाठी असते. तेव्हा अशी कथा ऐकली की पहिला प्रश्न हा विचारा: गाठ काढली होती का?

मग येते अपेक्षा. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दम्याच्या रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याच रुग्णांना आळीपाळीने खऱ्या औषधाचा इनहेलर, औषध नसलेला इनहेलर, सुया टोचल्याचा नुसता देखावा करणारं खोटं अ‍ॅक्युपंक्चर दिलं आणि एकदा काहीच दिलं नाही. ‘किती बरं वाटतंय?’ या प्रश्नावर पहिल्या तिन्ही प्रकारांत जवळपास सारखीच, म्हणजे ४५ ते ५० टक्क्यांच्या घरात सुधारणा सांगितली गेली. काहीच न देता २१ टक्के. पण एका सेकंदात फुप्फुसातून जोराने किती हवा बाहेर पडते हे यंत्राने मोजलं, तेव्हा खऱ्या औषधाने २० टक्के सुधारणा दिसली आणि बाकी तिन्हींत जेमतेम ७ टक्के. बरं वाटणं आणि बरं होणं यांतलं अंतर इतकं असू शकतं. दम्यात ते जिवावर बेतू शकतं, कारण श्वासनलिका आकसलेलीच असते आणि माणूस ‘आता ठीक आहे’ म्हणून घरी बसतो.

शेवटचं कारण ऐकायला कठोर आहे. ज्यांना गुण आला नाही ते अनुभव सांगत फिरत नाहीत, आणि जे दगावले ते सांगूच शकत नाहीत. शंभर बऱ्या झालेल्यांची यादी दाखवली तर विचारा, एकूण किती जणांनी घेतलं होतं?

मग उत्तर शोधायचं कसं? तुलनेने. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या, सगळ्यांना एकसारखं जेवण दिलं आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सहा दिवसांत उभी राहिली. समजा, लिंडने सगळ्यांना सगळंच दिलं असतं, तर समुद्राच्या पाण्यालाही श्रेय मिळालं असतं. (ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. पुरावा मिळाला की लगेच सगळे ऐकतात, असं डॉक्टरांच्या जगातही नाही.)

तुलनेतही गोम असते, ‘कशाशी तुलना?’ ही. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत होमिओपॅथीच्या रुग्णालयात इतर रुग्णालयांपेक्षा बरेच कमी मृत्यू झाले, हे आजही अभिमानाने सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण त्या काळी इतर डॉक्टर कॉलऱ्याच्या रुग्णाचं रक्त काढत आणि त्याला पारायुक्त जुलाबाचं औषध देत. पाण्यावाचून सुकत चाललेल्या माणसाला आणखी सुकवणाऱ्या या उपचारांपेक्षा काहीच न करणं चांगलं. त्या आकड्यांवरून एवढंच सिद्ध होतं.

पायरी ३: ‘प्राचीन’ आणि ‘नैसर्गिक’ ही विशेषणं खोडून वाक्य पुन्हा वाचा

खरंच खोडा, पेन्सिलने. वाक्यात काय उरतं ते बघा. बऱ्याचदा काहीच उरत नाही.

रक्त काढणं हा युरोपात सुमारे दोन हजार वर्षं मान्यता पावलेला उपचार होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्याच्या मागे उभा होता. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांचा घसा सुजला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी काही तासांत पुन्हा पुन्हा रक्त काढलं. त्याच रात्री ते वारले. पॅरिसमध्ये पिएर लुई या डॉक्टरांनी न्यूमोनियाचे रुग्ण चक्क मोजायला घेतले आणि १८३५ मध्ये आकडे मांडले: लवकर रक्त काढलेल्यांत मृत्यूंचं प्रमाण उलट जास्त होतं. दोन हजार वर्षांत जे कुणाला दिसलं नव्हतं, ते मोजल्यावर दिसलं.

‘इतकी वर्षं लोक घेताहेत, अपाय असता तर कळला नसता का?’ याला उत्तर अ‍ॅरिस्टोलोकिया नावाच्या वनस्पतीने दिलंय. ग्रीसपासून चीनपर्यंत तिच्या जाती शतकानुशतकं औषधात वापरल्या गेल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात चुकून तिची एक जात मिसळली गेली आणि एकाच उपचारकेंद्रातल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडं धडाधड निकामी होऊ लागली. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आज त्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं आहे. खाल्ल्याबरोबर उलटी होणारं विष परंपरेला ओळखता येतं. वर्षानुवर्षं मुकाट्याने मूत्रपिंड पोखरणारं ओळखता येत नाही, कारण तोवर पुडी आणि आजार यांचा संबंध कुणाच्या ध्यानातही राहिलेला नसतो.

मग जुन्या ग्रंथांत काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो कसा काढतात हे थू यूयू या चिनी शास्त्रज्ञांच्या कामात बघण्यासारखं आहे. मलेरियावर औषध शोधताना त्यांच्या गटाने जुने चिनी नुस्खे धुंडाळले, सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. एका वनौषधीचा अर्क कधी काम करे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या को होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. उष्णतेने गुण जात असावा, हे त्यावरून थू यांना सुचलं. कमी तापमानाला अर्क काढला, तो चालला, आणि त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पर्यायी उपचारांचे पुरस्कर्ते ही गोष्ट आपल्या बाजूने सांगतात. पण ३८० अर्कांतून हाती काय लागलं, तेही सांगायला हवं. परंपरेने सुगावा दिला, निवाडा चाचणीने केला. आणि ती वनस्पती घरी तशीच घेतली तर? त्या वनस्पतीचा चहा किंवा भुकटी मलेरियावर वापरू नये, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे, कारण त्यात औषधाचं प्रमाण कमी-जास्त आणि बहुधा अपुरं असतं.

पायरी ४: विषय बदलला जातोय का, ते बघा

काही युक्तिवाद दाव्याबद्दल बोलतच नाहीत. ते ऐकले की मनातल्या मनात पहिल्या पायरीवरचं वाक्य पुन्हा वाचा.

‘तुमच्या औषधांना काय कमी दुष्परिणाम आहेत?’ आहेतच. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली, १९६१ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक हृदयविकाराचा धोका वाढवतं म्हणून २००४ मध्ये मागे घेतलं गेलं. त्याहून बोलकं उदाहरण १९८९ चं आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडू नयेत म्हणून फ्लेकेनाइड, एन्केनाइड अशी औषधं दिली जात. ठोके खरोखर सुधारत, आलेखावर दिसत. पण औषध नसलेल्या गोळ्यांशी तुलना केली तेव्हा औषध घेणारेच जास्त मरत होते. हे कुणी शोधलं? आधुनिक वैद्यकानेच, आणि तेही ‘घेतलं नसतं तर?’ हाच प्रश्न विचारून. आता समोरच्याला विचारा: तुमच्या पद्धतीने स्वतःच्या चाचणीत खोटं ठरलेलं कोणतं औषध टाकून दिलं? मला हा प्रश्न फार उपयोगी वाटतो. त्यावर बहुतेकदा शांतता पसरते.

‘औषध कंपन्या सत्य दडवतात.’ दडवतात, नकोसे निकाल दडवल्याची प्रकरणं झालेली आहेत. पण त्यावरून अमुक पुडी काम करते हे निघत नाही. शिवाय पूरक गोळ्या आणि वनौषधी विकणाराही धंदाच करत असतो.

‘गॅलिलिओलाही लोक हसले होते.’ गॅलिलिओ बरोबर ठरला तो लोक हसले म्हणून नव्हे. जवळचं उदाहरण घ्या. पोटातले व्रण जिवाणूमुळे होतात, असं बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर म्हणू लागले तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जिवाणू स्वतः गिळले आणि जठराला सूज आणून दाखवली. दहा वर्षांत जगाने उपचार बदलले, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पुरावा असेल तर उपेक्षेचा काळ असा संपतो. होमिओपॅथीची मांडणी हानेमान यांनी १७९६ मध्ये केली. इतक्या वर्षांनंतरही ‘आमचं कुणी ऐकून घेत नाही’ हे कारण पुरत नाही.

‘विज्ञानाला सगळं कळलंय का?’ नाही. पण न कळलेल्या जागेत कुणीही आपल्या आवडीचं उत्तर बसवावं, असं त्यातून निघत नाही.

‘आम्ही मुळावर घाव घालतो, ते फक्त लक्षणं दाबतात’ हा युक्तिवाद दिसायला भारदस्त आहे. मूळ कोणतं, ते विचारा. क्षयाचं मूळ जिवाणू, स्कर्व्हीचं क जीवनसत्त्वाची कमतरता. दोन्ही शोधून दूर करता येतात. समोरच्याने सांगितलेलं ‘मूळ’ खरं असेल, तर त्याच पद्धतीच्या दोन उपचारकांनी एकमेकांशी न बोलता एकाच रुग्णाला तपासल्यावर दोघांनाही तेच सापडायला हवं.

पायरी ५: ‘याची चाचणी होऊच शकत नाही’ याला भुलू नका

हा दावा जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची धूम होती. सगळ्यांतून एक अदृश्य द्रव वाहतो, असं तो म्हणे, आणि त्या द्रवाच्या स्पर्शाने लोक थरथरत, कोसळत, बरे होत. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने १७८४ मध्ये एक समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. द्रव म्हणजे काय यावर त्यांनी वाद घातला नाही. फ्रँकलिन यांच्या बागेतलं एक जर्दाळूचं झाड मेस्मरच्या शिष्याकडून ‘भारून’ घेतलं आणि अशा प्रयोगांना दाद देणाऱ्या एका मुलाला डोळे बांधून वेगवेगळ्या झाडांपाशी नेलं. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. ते भारलेलं झाड नव्हतंच. परिणाम खरा होता. कारण दुसरंच होतं.

दोनशे वर्षांनी एमिली रोझा या अमेरिकन मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी तेच केलं, वयाच्या नवव्या वर्षी. हात न लावता माणसाची ‘ऊर्जा’ जाणवते असं म्हणणाऱ्या २१ उपचारकांना तिने पडद्याआड हात ठेवायला सांगितले. तिने आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर धरलाय ते ओळखायचं. २८० वेळांत १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नाणं उडवून याहून बरं जमलं असतं. १९९८ मध्ये हे ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

‘आमच्याकडे प्रत्येक रुग्णाला वेगळं औषध असतं, त्यामुळे तुमच्या चाचण्या लागू पडत नाहीत,’ असंही सांगतात. लागू पडतात. उपचारकाने हव्या तितक्या वेळ रुग्णाशी बोलून हवं ते औषध लिहून द्यावं. औषध बांधणाऱ्याने चिठ्ठी टाकून निम्म्यांना ते द्यावं, निम्म्यांना दिसायला तशीच साधी गोळी. कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत ना रुग्णाला कळू द्यायचं, ना उपचारकाला. अशा चाचण्या झालेल्या आहेत.

होमिओपॅथीचा विषय निघालाच आहे तर ३० सी या लोकप्रिय पोटेन्सीचं गणित सांगून टाकतो. शंभरात एक असं पातळ करणं तीस वेळा, म्हणजे मूळ द्रव्याचा भाग १ वर ६० शून्यांत एक. १२ सीच्या पुढे मूळ द्रव्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता फारशी राहत नाही. पाणी ‘आठवण’ ठेवतं, असं दाखवणारा जाक बँव्हनिस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाचा प्रयोग १९८८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने छापला खरा, पण तपास पथकासमोर कोणत्या नळीत काय आहे ते झाकून तोच प्रयोग केला तेव्हा परिणाम नाहीसा झाला.

आणि एक पळवाट. त्रास कमी झाला तर औषधाने, वाढला तर ‘आजार उसळून बाहेर पडतोय’, तसाच राहिला तर ‘अजून वेळ द्या’. यात हरण्याची सोयच ठेवलेली नसते. यावर उपाय सोपा आहे आणि तो उपचार सुरू करण्याआधीच करायचा: ‘काय दिसलं तर हे लागू पडत नाही असं समजायचं, आणि किती दिवसांत?’ उत्तर तारखेसकट लिहून घ्या.

पायरी ६: ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणजे कुठल्या?

काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मेल्या, असं संशोधन असेल तर पान उलटा. बशीतल्या पेशी दाट मिठाच्या पाण्यानेही मरतात. उंदरांवर झालं असेल तर ती सुरुवात आहे, त्यापुढे काही नाही.

माणसांवर झालं असेल तर तुलनेचा गट शोधा. २००७ मध्ये जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना आराम पडला, नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. जाहिरातीत एवढंच छापलं तर विजय जवळपास दुपटीने दिसतो. पण तिसराही गट होता. त्याला सुया चुकीच्या जागी आणि वरवर टोचल्या होत्या, आणि तिथे ४४.२ टक्क्यांना आराम पडला. म्हणजे नेमक्या बिंदूंचं, ऊर्जेच्या वाहिन्यांचं शास्त्र जवळजवळ काहीच भर घालत नव्हतं. कुणीतरी वेळ देऊन, विश्वासाने काहीतरी केलं, याने बरंच काम केलं. यातून आधुनिक डॉक्टरांनी शिकण्यासारखंही आहे. रुग्ण पर्यायी उपचारकाकडे जातो तो बऱ्याचदा तिथे त्याचं कुणी ऐकून घेतं म्हणून.

एका सुट्या अभ्यासापेक्षा सगळे अभ्यास एकत्र तोलणारा आढावा शोधा. कॉक्रेन ही संस्था १९९३ पासून असे आढावे करते आणि त्यांचा सारांश सोप्या भाषेतही देते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये होमिओपॅथीवरचे १७६ अभ्यास तपासले; ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत सापडला नाही.

पायरी ७: ‘अपाय तर नाही ना’ याचा हिशोब मांडा

अपाय तीन वाटांनी होतो. पुडीतून, दुसऱ्या औषधाशी गाठ पडून, आणि वेळ गेल्याने.

पुडीतून होतो तो मुख्यतः न लिहिलेल्या घटकांमुळे. २००८ मध्ये ‘जामा’त आलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. सांधेदुखी आणि दम्याच्या ‘वनस्पतिजन्य’ पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचे प्रकारही पुन्हा पुन्हा उघडकीला आलेत. दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला, तर आनंदाआधी हीच शंका घ्या.

औषधांची गाठ पडते तिचं ठळक उदाहरण सेंट जॉन्स वर्ट. उदासीवर घेतली जाणारी ही वनस्पती यकृताला इतर औषधं लवकर मोडायला लावते. मग गर्भनिरोधक गोळ्या, रक्ताची गुठळी होऊ न देणारं वॉरफरिन, अवयव-प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम घटतो. गंमत अशी की ही वनस्पती ‘निरुपद्रवी’ नाही, कारण ती खरोखर काहीतरी करते.

तिसरी वाट सगळ्यात महागात पडते. अमेरिकेतल्या कर्करोगाच्या नोंदींवरून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. आजार शरीरभर पसरलेला नसताना ज्या २८१ रुग्णांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून जास्त.

म्हणून एक रेघ पक्की आखून ठेवा. इन्सुलिन, फिट्सची गोळी, क्षयाचं किंवा एचआयव्हीचं औषध, रक्तदाबाची गोळी ‘बंद करून हे घ्या’ असं कुणी म्हटलं, की चर्चा तिथेच संपवा. मग दावा कितीही छान मांडलेला असो.

पायरी ८: घरात बोलायचं कसं

वरचं सगळं एका दमात मावशीला ऐकवलं, तर मावशी पुडी घेत राहील आणि यापुढे तुम्हाला सांगणार मात्र नाही. तेव्हा प्रश्न विचारा, तेही थोडेच.

‘मावशी, किती दिवसांत फरक पडेल म्हणाले ते?’

‘महिन्याभरात.’

‘मग आजपासून रोज दुखणं दहापैकी किती, ते लिहूया का? आणि मधुमेहाची गोळी चालूच ठेवायला सांगितलीय ना त्यांनी?’

‘ते म्हणाले, हळूहळू कमी करा.’

‘ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको करूस. मी येते बरोबर, दोघी विचारू.’

एवढ्याने मावशीचं मत बदलेल असं नाही, पण गोळी चालू राहील. पहिल्या भेटीत तेवढंच मागावं.

डॉक्टरांकडे जाताना पुड्या, बाटल्या, लेबलं सोबत घ्या, कधीपासून आणि किती घेतलं ते कागदावर लिहून न्या. लेबल नसेल तर पुडीच दाखवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. त्यांनी न विचारताही सांगा, कारण पुष्कळ डॉक्टर विचारत नाहीत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हीच यादी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही द्या. गिंकोसारख्या काही वनस्पतींच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते तेच सांगतील.